थोरलीचा हात

मत्सर करायला शिक्षण लागत नाही. शिक्षण असलं तर तो मोजता येतो, एवढाच काय तो फायदा. डॉ. पद्मजा मगदूम हिनं आपला मत्सर मिलिमीटरमध्ये मोजला. काचेच्या बशीत राखेच्या रंगाची बुरशी दाट पसरली होती आणि तिच्या मधोमध एक स्वच्छ गोल पडला होता. पद्मजानं पट्टी लावली. एकवीस मिलिमीटर. चौदा वर्षं राबून तिनं जे औषध काढलं होतं, त्याचा गोल कधी अकराच्या पुढं सरकला नव्हता. आणि हा गोल पाडणारा जीव आला होता तिच्या थोरल्या जाऊबाईंच्या, सातवी पास कस्तुरीअक्कांच्या, उजव्या तळहातावरून.

तिनं बशी कपाटात ठेवली, दार लावलं, परत उघडलं, परत मोजलं. एकवीसच.

ही गोष्ट २०४१ सालची, म्हणजे राखबुरशीच्या काळातली. दर वर्षी नदीला पूर यायचा, पूर ओसरतो न ओसरतो तोच उकाडा सुरू व्हायचा, आणि त्या दमट उबेत शेंगा, मका, मिरची, हळद यांच्यावर वाढणाऱ्या जुन्याच बुरशीची एक नवी जात निपजली होती. रंग राखेसारखा, म्हणून राखबुरशी. ती कमी हवेतही तग धरायची. तीस-चाळीस वर्षं शेतकऱ्यांनी जी जी रसायनं फवारली, ती सगळी पचवूनच ती मोठी झाली होती. धुऊन, वाळवून, भाजून बुरशी मरायची, पण तिचं विष अन्नात तसंच राहायचं आणि सावकाश यकृत खायचं. त्या एका वर्षी तालुक्यात यकृताचे शंभरावर रोगी दवाखान्यात होते, आणि त्यात दुधाचे दात न पडलेली मुलंही होती.

पद्मजाचा विश्वास वनस्पतींवर होता. ज्या झाडाशी बुरशी जन्मभर भांडते, त्या झाडानं स्वतःपुरतं काहीतरी औषध करून ठेवलेलंच असतं. ते शोधायचं, एवढंच आपलं काम, असं ती म्हणायची. हळदीच्या पानांच्या तेलातून तिनं असं एक औषध वेगळं केलं होतं. त्याला तिनं ह-नऊ नाव दिलं होतं. बशीत ते चांगलं चालायचं. आता ते पेवात चालतं का, हे पाहायचं होतं.

पेव म्हणजे जमिनीत खणलेली घागरीच्या आकाराची कोठी. तोंड एक माणूस उतरेल एवढं, पोट मात्र दोन-तीन पुरुष खोल. कृष्णाकाठच्या कुरणवाडीत अशी पेवं पिढ्यान्‌पिढ्या होती. आतून शेणमातीनं लिंपायचं, पाला आणि वाळलं गवत लावायचं, हळद भरायची आणि तोंड मातीनं बंद करायचं. आतली हवा संपली की किडामुंगीचं काही चालत नाही. पद्मजाचं सासर कुरणवाडीचंच, आणि मगदूमांची स्वतःची पेवं होती. तिनं एप्रिलमध्ये आठ पेवं प्रयोगाला घेतली. सातांत ह-नऊ फवारलं. आठवं, सगळ्यांत जुनं, काहीच न फवारता ठेवलं, तुलनेसाठी.

ऑक्टोबरात पेवं उघडली. दिवसभर तोंडं मोकळी ठेवली, कंदील सोडून तो विझत नाही ना ते पाहिलं आणि मग माणसं उतरली. सातही पेवांतली हळद राखेनं माखलेली निघाली. आठव्यातली हळद मात्र काल भरल्यासारखी पिवळीधमक होती.

औषध घातलं तिथं सडलं आणि नाही घातलं तिथं टिकलं, हे कळल्यावर ती काम करायची त्या संशोधन संस्थेतले लोक तिच्यासमोर हसले नाहीत, हेच खूप झालं. तीन आठवडे तिनं माती तपासली, पाला तपासला, विहिरीचं पाणी तपासलं. एका दुपारी जेवताना तिचा नवरा धन्यकुमार सहज म्हणाला की त्या पेवाला पहिला हात वहिनीचा असतो, हे तिनं धरलंय ना हिशेबात?

पद्मजाचा घास हातातच राहिला.

कुरणवाडीत रीत होती. हंगामातल्या पहिल्या, म्हणजे सगळ्यांत जुन्या, पेवात घरातली थोरली सून उपाशीपोटी उतरायची आणि उघड्या हातानं पहिलं लिंपण करायची. मग बाकीचे लोक कामाला लागायचे. अक्का बावीस वर्षं हे करत होत्या. एप्रिलमध्येही त्या उतरल्या होत्या आणि काठावर पाण्याचा तांब्या घेऊन स्वतः पद्मजाच उभी होती. तरी तिच्या वहीत लिहिलं होतं: सर्व पेवांचे लिंपण मजुरांनी हातमोजे घालून केले. तिनं खोटं लिहिलं नव्हतं. अक्कांचं उतरणं हे सूर्य उगवण्यासारखंच होतं, ते कुणी नोंदवतं का? सून म्हणून जे बावीस वर्षं पाहिलं, ते शास्त्रज्ञ म्हणून तिला दिसलंच नाही.

घरातल्या सगळ्यांची तपासणी आहे, असं सांगून तिनं कापसाच्या बोळ्यानं अक्कांचा तळहात पुसून घेतला. अक्कांनी हात पुढं केला आणि माझ्या हातात काय सापडणार, शेण नि माती, म्हणून हसल्या. सापडलं ते एकवीस मिलिमीटर होतं.

आता पद्मजाला एवढं का झोंबावं, हे कळायला मगदूमांच्या घरात राहायला हवं. लग्न होऊन आली तेव्हा ती एम.एस्सी. होती, आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिनं घातलेलं लोणचं आठव्या दिवशी बुरसलं. शेजारच्या बरणीतलं अक्कांचं लोणचं दोन वर्षं टिकलं. सासूबाई म्हणाल्या होत्या, हाताला गुण लागतो बाई, तो पुस्तकात नसतो. बस, ते वाक्य घरात राहायलाच आलं. पाहुणे आले की अक्कांच्या हाताला गुण. पद्मजानं डॉक्टरेट मिळवली त्या दिवशी घरी जेवण झालं, आणि लोक बोटं चाटत अक्कांच्या सांडग्यांचं कौतुक करून गेले. पद्मजाची मुलगी पुण्याच्या वसतिगृहात आजारी पडली की फोन करायची तो अक्कांना. पद्मजा अशा वेळी मनात म्हणायची, गुणबिण काही नसतं, योगायोग असतो. तेवढाच एक आधार होता. आता तिच्याच बशीनं तो काढून घेतला. गुण होता, खरोखर होता, आणि तो थोरलीकडे होता.

तो गुण म्हणजे एक जिवाणू होता. अक्कांच्या कातडीवरच्या तेलावर जगणारा. तो एक साखळीसारखा पदार्थ तयार करायचा, ज्याला चरबीची शेपटी होती. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एक असा स्निग्ध पदार्थ असतो जो माणसाच्या पेशीत नसतो. ही शेपटी नेमकी तिथं घुसायची आणि आवरणाला भोकं पाडायची. बुरशी फुटक्या पिशवीसारखी रिकामी व्हायची आणि माणसाला काही इजा नाही. लिंपणातून तो पेवात जायचा, तिथल्या उबेत फोफावायचा, हंगामभर राखण करायचा आणि मरायचा. पद्मजानं तो बशीत वाढवायचा प्रयत्न केला. दोन पिढ्या औषध तयार झालं, तिसऱ्या पिढीत बंद. कातडीवरचे बाकीचे जीव शेजारी असले तरच तो कामाला लागायचा. एकटा पडला की नुसता बसून खायचा.

आणि नेमकं तेव्हाच अक्कांच्या गुडघ्याचं ठरलं होतं. गुडघ्यात पू झाला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी जुना सांधा काढून नवा बसवायचं सांगितलं होतं. आधी दोन दिवस औषधी साबणानं अंघोळ, नंतर दोन महिने जबरदस्त प्रतिजैविकं. गुडघा बरा झाला असता. हातावरचा तो जीव मात्र त्यातून वाचला नसता. शस्त्रक्रियेला चोवीस दिवस होते आणि ही गोष्ट जगात एकट्या पद्मजाला माहीत होती.

दोन दिवस ती गप्प राहिली. ते दोन दिवस ती पुढं आयुष्यात कुणाला सांगणार नव्हती. काही करायचंच नाही, नुसतं गप्प बसायचं, यात पाप कसलं, असं तिनं स्वतःला बऱ्याचदा विचारलं. गुण आला तसा गेला असता. आठवं पेव योगायोग ठरलं असतं. तिसऱ्या दिवशी ती मिरजेला अक्कांची कागदपत्रं द्यायला गेली असताना यकृताच्या वॉर्डात एक पिवळी पडलेली मुलगी आईच्या मांडीवर बसून केळं खात होती. पद्मजा बाहेर येऊन जिन्यात थांबली आणि तिनं संस्थेच्या संचालकांना फोन लावला.

संचालक उडालेच. हा जीव कसाही करून जपा, म्हणाले. संस्थेतल्या सहा जणांच्या हातांवर तो लावून पाहिला. दोन दिवसांत गेला. त्यांच्या कातडीवरच्या रहिवाशांनी त्याला उभं राहू दिलं नाही. एकाच घरात, एकाच पाण्यावर, एकाच चुलीवर वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसांच्या कातडीवरची वस्ती सारखी होत जाते. म्हणजे मगदूमांच्या घरातलंच कुणीतरी हवं. धन्यकुमारचे आणि त्याच्या थोरल्या भावाचे हात डिझेल आणि फवाऱ्यांत बुडालेले. मुलगी पुण्यात. उरली पद्मजा.

मग रोज सकाळी दोघी स्वयंपाकघरात एका परातीशी बसायच्या. अर्धा तास, चार हात एकाच कणकेत. साबण बंद. कणीक झाली की अक्का तेल लावून पद्मजाचे तळवे चोळायच्या, बोटांच्या बेचक्यांपर्यंत. बावीस वर्षांत पद्मजानं हे हात इतक्या जवळून पाहिले नव्हते. लहान होते, भेगाळलेले, डाव्या अंगठ्याचं नख कायमचं वाकडं. यात काय आहे एवढं, असं वाटायचं, आणि जे आहे ते मला मिळू दे, असंही लगेच वाटायचं.

अक्का बोलत बसायच्या. घरच्यांची, गुडघ्याची, जुन्या पुरांची बोलणी. एकदा त्यांनी विचारलं, "हे तुला आलं म्हंजे माझ्याकडचं जाईल व्हय गं?"

"तसं नसतं अक्का," पद्मजा म्हणाली. "तो वाढत जातो. दिल्यानं कमी होत नाही. तुमचा जाणार तो औषधांनी."

"मग बरी झाल्यावर तू मला परत देशील."

"देईन की."

सोळाव्या दिवशी पद्मजाच्या तळहातानं बशीत गोल पाडला. एकोणीस मिलिमीटर.

शस्त्रक्रिया नीट झाली. जानेवारीत अक्का काठीच्या आधारानं अंगणात चालायला लागल्या. पद्मजानं त्यांचा हात तपासला. बशीभर राखबुरशी, कुठं गोलाचं नाव नाही. तिच्या स्वतःच्या हाताचा गोल तोवर चोवीसवर गेला होता. तिनं त्या दिवशी घरी येऊन लोणचं घातलं. महिना झाला, दोन महिने झाले, बरणी स्वच्छ. धन्यकुमार म्हणाला, तुझ्या हाताला गुण आला की. पद्मजानं नुसतं हूं केलं, पण आतून ती इतकी सुखावली की तिची तिलाच लाज वाटली. संस्थेनं एक योजना काढली: पद्मजाच्या हातानं मळलेल्या शेणमातीचे गोळे चाळीस गावांत पाठवायचे, त्या गोळ्यांवरून पेवं, कणग्या, शेतातली बियाण्याची माती, सगळं राखायचं. वर्तमानपत्रात तिच्या तळहाताचा फोटो आला. गावात बायका ती दिसली की हात हातात घ्यायच्या.

अक्का एक दिवस परात घेऊन आल्या आणि आता माझं मला दे म्हणाल्या.

पद्मजा म्हणाली, तुमच्या औषधांचा कोर्स संपू दे. ते बरोबरच होतं. कोर्स संपला. मग ती म्हणाली, संस्थेचा अहवाल जाऊ दे, तोवर एकाच हाताचे आकडे हवेत. हे अर्धं खरं होतं. अहवाल गेला. मग ती म्हणाली, पुढच्या आठवड्यात बसू, सध्या मला वेळ नाही. यात खरं काही नव्हतं. अक्का दर वेळी बरं म्हणून परात घेऊन परत जायच्या. चौथ्यांदा त्या आल्याच नाहीत.

मार्चअखेर पद्मजानं पाहिलं की अक्का परसात खड्डा करून काहीतरी पुरताहेत. खिडकीतून तिला पांढरे केस दिसले, वाकलेली पाठ दिसली आणि मग रिकामा डबा दिसला. कडेला राखेचा थर होता. सांडगे बुरसले होते. अक्का ते कुणाला दिसू नयेत म्हणून पुरत होत्या. पद्मजाला आनंद झाला. क्षणभरच, पण झाला; तिनं तो ओळखला आणि खिडकी लावून घेतली.

एप्रिल आला. पेवं भरायची वेळ झाली. संचालकांचं म्हणणं होतं की यंदा पहिलं लिंपण पद्मजानंच करावं. गावकऱ्यांनी माना हलवल्या, पण कुणी हो म्हणालं नाही. थोरली जिवंत आहे, घरात आहे, तर धाकटीला उतरवायची कशी? अक्का गुडघ्यामुळं शिडी उतरू शकत नव्हत्या. त्यांनी हळदीची पोती सोडायच्या दोराला पाट बांधायला लावला आणि मला सोडा म्हणाल्या. उपास केला होता. नवं लुगडं नेसल्या होत्या. दोर कुरकुरत त्या अंधारात गेल्या.

पद्मजा काठावर उभी होती. खाली जे लिंपण होणार होतं, ते नुसतं शेण आणि माती होतं, हे काठावरच्या लोकांत तिला एकटीला माहीत होतं. अक्कांनाही माहीत असणार; तरी त्या का उतरल्या, ते तिला कळत नव्हतं. त्या पेवात बारा घरांची हळद पडणार होती. आपण गप्प राहिलो, तर ऑक्टोबरात ती राख होऊन निघेल, आणि गुण कुणाच्या हातात आहे ते साऱ्या गावाला एकदाचं कळेल. कुणाला काही सांगावंही लागणार नाही. कळेल ते त्या हळदीतली थोडी कुणाच्या तरी डाळीत गेल्यावर. तिला मिरजेचा तो वॉर्ड आठवला, ती केळं खाणारी मुलगी आठवली, आणि तरीही तिचे पाय काठावरून हलले नाहीत. मत्सराचं असंच असतं. तो माणसाला वाईट करायला लावत नाही, फक्त जागचं हलू देत नाही.

"पद्मा," खालून हाक आली. "खाली ये."

लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. पद्मजा शिडीनं उतरली. आत गार होतं, मातीचा वास होता. वरून येणाऱ्या उजेडाच्या गोलात अक्का पाटावर बसल्या होत्या. समोर शेणमातीची पाटी होती. भिंतीला त्यांनी अजून बोट लावलं नव्हतं.

"माझ्या हातात काय उरलं न्हाई, ठाऊक हाय मला," अक्का म्हणाल्या. आवाज वर जाऊ नये म्हणून त्या हळू बोलत होत्या. "पिठात चार दिसांत बुरशी धरतीया. तू न्हाई सांगितलंस, तरी मला कळतंय की."

पद्मजा शिडी सोडून पाटीशी बसली.

"एक इचारते. शिकलेली हाईस, खरं सांग. मला दिल्यावर तुज्याकडचं कमी होनार हुतं?"

"नाही."

"जराबी न्हाई?"

"जराही नाही."

"मग तीन म्हयने का थांबलीस?"

वर कुणीतरी खोकलं. पद्मजाकडं अहवालाचं कारण होतं, कोर्सचं होतं, वेळेचं होतं. ती सगळी तिनं मनात एकदा उचलून पाहिली आणि ठेवून दिली. शास्त्रज्ञ म्हणून तिला एकच कारण उरत होतं, आणि ते पहिल्या दिवसापासून तेच होतं.

"तुमच्याकडं नसावं म्हणून," ती म्हणाली.

अक्कांनी वाकड्या नखाचा अंगठा लुगड्याला पुसला. पद्मजाला वाटलं, आता या मला वर जा म्हणतील, आणि ते बरोबरच होईल.

"ह्यो वाईटपणा मलाबी ठावं हाय," शेवटी अक्का म्हणाल्या. "तुजा फोटू आला तवा मी पेपर चुलीत घातला. म्हटलं, असू दे, माझ्या घरात तरी दिसाय नको."

मग त्यांनी पद्मजाचं मनगट धरलं, तिचा हात पाटीत बुडवला आणि आपलाही त्याच्यावर बुडवला. शेणमाती थंड होती. दोघींचे हात एकाच गोळ्यावर होते, आणि अक्का तो परातीतल्या कणकेसारखा मळत होत्या, सावकाश, बोटांच्या बेचक्यांपर्यंत. घाई वरच्या लोकांना होती.

"झालं का हो?" वरून धन्यकुमारनं विचारलं.

"न्हाई," अक्का ओरडून म्हणाल्या. "आत्ता कुठं सुरू केलंय. येळ लागंल."